कुलूप नसलेला कॉम्प्युटर

आमच्या संघटनेच्या कार्यालयाला कुलूप नव्हतं. हरवलं नव्हतं की मोडलं नव्हतं, ठरवून नव्हतं. वर्ध्यात बसस्थानकामागच्या गल्लीत दोन खोल्या. पुढच्या खोलीत सतरंजी, मागच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे आणि कॉम्प्युटर. दाराला कडी होती, तीही कुत्री आत शिरू नयेत म्हणून. संघटनेतले सगळ्यांत जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळेच भाऊ म्हणतो, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे दार दाखवायचे. "पाहून घे पोरी," मला म्हणाले होते, "सार्वजनिक काम हाय आपलं. लपवाचं काय हाय आपल्यापाशी? ज्याले पाह्यचं त्यानं येऊन पाहावं." मी कॉलेज संपवून नुकतीच आले होते, पत्रकं लिहायला शिकत होते. मला ते दार फार आवडलं होतं. त्यामागचा विचार आजही आवडतो.

पण तो विचार आम्ही कॉम्प्युटरलाही लावला, आणि तिथे घोळ झाला. पासवर्ड नाही. सगळ्यांचं मिळून एकच खातं, आणि तेही अ‍ॅडमिनचं. म्हणजे जो खुर्चीवर बसेल त्याने काहीही बसवावं, काहीही उडवावं. संघटनेचा मेल कायम उघडा. नाचणगावचा कार्यकर्ता आला की तो बसायचा, जामहून कुणी आलं की तो बसायचा. पेनड्राइव्ह लावायचा, काम करायचा, चहा पिऊन निघून जायचा.

त्याच कॉम्प्युटरमध्ये एका बाईचा आवाज होता.

ती सिंदी रेल्वे या गावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कामाला आहे. कापसाच्या सीझनमध्ये तिथे मशीन चालू ठेवूनच साफ करायला लावतात, कारण थांबवलं तर माल थांबतो. शेजारी काम करणाऱ्या बाईचा हात पट्ट्यात गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. "थे स्वताच घसरली" असं मुकादमाने सगळ्यांकडून वदवून घेतलं, तेही पाहिलं होतं. आम्ही यावर जनसुनावणी घेणार होतो, आणि खरं काय झालं ते सांगायला ती एकटी तयार झाली. तिची अट एकच होती. "माह्य नाव बाहेर आलं तं पुढच्या सीझनले मले कोणी गेटात उभं करणार नाई. माह्या घरी कमावणारी मीच हाव."

भाऊंनी शब्द दिला. रेकॉर्डिंग मी केलं. संघटनेच्या पद्धतीप्रमाणे तिने सुरुवातीला पूर्ण नाव, गाव, कामाची जागा सांगितली, आणि पद्धतीप्रमाणेच फाइललाही तिचंच नाव दिलं गेलं. लपवायचं काही नाही असं ज्यांनी ठरवलेलं असतं, ते फाइलला असंच नाव देतात.

सुनावणीची पत्रकं लावायला, म्हणजे छपाईसाठी मांडायला, मी त्या कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. कार्यालयात नेट नव्हतं. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चालायचं. दिवसभर पुरणारा डेटा दुपारच्या डब्याआधीच संपला. मी तर नुसतं पत्रक लावत होते, त्याला नेट लागतच नाही.

"पिक्चर गिक्चर पाहून राह्यली का व?" भाऊंनी विचारलं.

"हो भाऊ. तुमच्या भाषणांचा."

"मंग डेटा तं संपनच," ते म्हणाले, आणि सतरंजीवर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तेव्हा मी हसणं सोडून कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरले. कोणत्या प्रोग्रॅमने किती नेट वापरलं त्याची यादी तिथे असते; तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये आहे, एकदा उघडून बघा. ब्राउझर खाली होता. सगळ्यांत वर एक नाव होतं, विंडोजच्याच एखाद्या भागाचं वाटावं असं, सरकारी आणि कंटाळवाणं. पण तो प्रोग्रॅम बसला होता कुठे? विंडोजच्या फोल्डरमध्ये नाही, तर आमच्या खात्याच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. सरकारी नावाची पाटी लावून कुणी आपल्या मागच्या खोलीत दुकान टाकावं, तसं.

मग एकेक उलगडत गेलं. अँटीव्हायरस बंद होता. चालू केला, तर पुन्हा आपोआप बंद. "हे तपासू नये" अशी एक यादी अँटीव्हायरसमध्ये असते, त्या यादीत अख्खी सी ड्राइव्हच टाकलेली. विंडोजच्या ठरवलेल्या कामांमध्ये एक नोंद होती: कॉम्प्युटर सुरू झाला की हा प्रोग्रॅम सुरू कर. आणि खात्यांमध्ये आमच्या एका खात्याशिवाय आणखी एक खातं होतं. ते आमच्यापैकी कुणीच बनवलेलं नव्हतं.

मी सगळ्यांत आधी हॉटस्पॉट बंद केला. बाकी काही सुचलं नाही तरी एवढं तरी करावंच. बाहेरच्या माणसाला आत हात घालायला रस्ता लागतो, आणि तो रस्ता नेट असतो.

याला बॅकडोअर म्हणतात. हा नेहमीच्या व्हायरससारखा स्क्रीनवर नाचत नाही, फाइली खात नाही, तुम्हाला त्रासही देत नाही. तो गुपचूप बाहेरच्या कुणाला तरी आत येऊ देतो. मग तो बाहेरचा माणूस फाइली पाहू शकतो, उचलून नेऊ शकतो, तुम्ही कीबोर्डवर काय टाइप करता ते वाचू शकतो, कधी कॅमेराही उघडू शकतो. तुम्हाला पत्ता लागू नये म्हणून तो शक्य तितका सभ्य राहतो. आमचा डेटा संपला नसता, तर आम्हालाही कळलं नसतं.

तो आला कुठून, हे शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पत्रकं जिथे छापतो त्या छापखान्यात जुना मराठी फाँट चालतो. त्या फाँटची टायपिंगची प्रणाली विकतची आहे, पण विकत घेतलेली मी एकाही संघटनेत पाहिली नाही. छापखानेवाल्या दादांकडे एक पेनड्राइव्ह होता, त्याला सगळे 'किट' म्हणायचे. त्यात ती प्रणाली, पान लावायचं सॉफ्टवेअर, आणि दोन्हींचं कुलूप फोडणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे क्रॅक. सोबत सूचनांची फाइल: आधी अँटीव्हायरस बंद करा, मग अ‍ॅडमिन म्हणून चालवा. ते किट जिल्हाभर फिरत होतं. आमच्याकडे तर त्याला तत्त्वज्ञानही जोडलेलं होतं. भाऊ म्हणायचे, "कंपन्यायच्या विरोधात लढतो आपण, अन् कंपन्यायले पैसे कायले द्याचे?"

मी छापखान्यात गेले. दादा म्हणाले, "ताई, क्रॅकले तं अँटीव्हायरस व्हायरस म्हणतेच. त्याचं कामच थे हाय. आजपर्यंत कोणाची तक्रार नाई आली."

"तक्रार कशी येईल दादा? तो दिवे लावून येतो का?"

"पण कायलेच कोणी तुमच्या कॉम्प्युटरात शिरन? अथी काय खजाना हाय?"

"राखणदाराला आधी घरी पाठवायचं, मग अनोळखी माणसाच्या हातात सगळ्या चाव्या द्यायच्या, आणि मग विचारायचं, माझ्याकडे काय खजिना आहे! तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या गावाच्या लग्नपत्रिका आहेत. आधार कार्डाच्या झेरॉक्सा आहेत. तो खजिना नाही?"

दादा चिडले. मग त्यांनी किटचा पेनड्राइव्ह गल्ल्यातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ता हलेल.

कार्यालयात परत आले तर तिथे वेगळीच गंमत सुरू. मी काय सापडलं ते सकाळी भाऊंना सांगून गेले होते. भाऊंनी कागद घेऊन मोठ्या अक्षरांत मथळा लिहून ठेवला होता: 'आंदोलनावर हेरगिरी! जिनिंग मालकाचा डाव उघड!'

"बस पोरी. तुह्या हातचं पायजे. जळजळीत लिह्यजो. उद्या छापून सिंदीत वाटून टाकू."

मी पत्रकं लिहिते. अन्याय दिसला की माझा हात आपोआप मथळ्याकडे जातो. तेच माझं शिक्षण आहे. पण या मथळ्यापुढे माझा हात गेला नाही.

"भाऊ, मालकानं केलं कशावरून?"

"त्याच्याशिवाय कोण करन?"

"कुणीही. हे किट जिल्हाभर फिरून राह्यलं. ज्यानं बनवलं त्याला पासवर्ड पाहिजेत, बँकेची खाती पाहिजेत. त्याला आपली संघटना माहीत पण नसेल. आपण काही एवढे मोठे नाही, की आपल्यासाठी कुणी खास चोर पाठवील."

हे भाऊंना लागलं. खरं सांगायचं तर बॅकडोअरपेक्षा जास्त लागलं. आंदोलनात आयुष्य घालवलेल्या माणसाला 'तुमच्यावर कुणी हेरगिरी केली नाही' हे ऐकणं जड जातं.

"मंग गप बसाचं? पत्रक नाई काढाचं?"

"पत्रक काढलं तर मालकाला काय कळेल? आपल्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं काहीतरी आहे, हे कळेल. आज त्याला ते माहीत नाही. उद्या तो मुकादमाला विचारेल, आपल्यातलं कोण बोललं? आणि तो एकेकीला दारात उभी करून विचारेल."

भाऊंनी चष्मा काढला. "पोरी, आपण सत्याच्या बाजूनं हाओ. सत्याले कायचं कुलूप?"

"सत्य आपलं आहे भाऊ. नाव तिचं आहे."

कागदाची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. फाडला नाही; तेवढं मी त्यांच्याकडून मागितलंही नाही.

पण दुसऱ्या मुद्द्यावर ते अडून बसले. तिला सांगू नको, म्हणाले. घाबरून जाईल, सुनावणीला येणार नाही, सुनावणीच कोसळेल. मी म्हटलं, जिचं नाव त्या फाइलवर आहे, तिला हे सांगायचं की नाही ते आपण ठरवणारे कोण? मुकादम तिच्या वतीनं बोलतो म्हणून आपण बोंब मारतो ना? आणि पॅसेंजर पकडून मी सिंदीला गेले.

ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. मी सगळं सांगितलं, न सजवता. कॉम्प्युटरमध्ये बाहेरच्याला शिरता येत होतं. तुमचं बोलणं कुणी नेलं की नाही, हे मला सांगता येत नाही. नेलं असेल तर मला परत आणता येणार नाही.

तिने काड्या खाली ठेवल्या. "म्हंजे मुकादमाले समजलं?"

"तसं काही दिसत नाही, काकू. पण कुणालाच समजणार नाही, अशी खात्री मी आज देऊ शकत नाही."

"अन् तुमच्या कॉम्प्युटरले कुलूप नोयतं?"

"नव्हतं."

"अन् हापिसाले?"

"त्यालाही नाही."

"बाप्पा! अव, माह्या घरी चार भांडे हायेत त मी कुलूप लावून जातो. अन् तुम्ही माह्या पोटाचा घास उघड्यावर ठेवला? हे मले त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

तिने आणखी सुनावलं, शेजारीण कुंपणापाशी येईपर्यंत सुनावलं. शेजारीण दिसताच एका दमात आवाज बदलून म्हणाली, "आमच्या बचत गटाची मॅडम हाय. हप्ता चुकला ना, म्हून आली." शेजारीण गेली. मग मला म्हणाली, "थे बोलणं मिटवून टाक. पण तू सांगशीन अन् मी मानीन, असं नाई आता. मी येतो. माह्यासमोर मिटव."

ती रविवारी आली, कामाला सुटी असते तेव्हा. भाऊ पुढच्या खोलीत होते; उठून उभे राहिले, पाणी दिलं. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या शेजारी स्टुलावर बसली.

तोपर्यंत मी निम्मं काम उरकलं होतं. पहिल्याच दिवशी, माझ्या फोनवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, संघटनेच्या मेलचा पासवर्ड बदलला होता. सगळीकडून लॉग आउट करून दुहेरी पडताळणी लावली होती. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. शंका आली की त्याच कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड टाकतात, म्हणजे चोराला नवी चावी आपल्याच हाताने देतात. मग विंडोजसोबतच येणारी एक तपासणी लावली होती, जी विंडोज पुरतं सुरू व्हायच्या आधी चालते, म्हणजे लपलेल्याला उठून बसायला वेळ मिळत नाही. तिने तो प्रोग्रॅम पकडला, शिवाय त्याचे आणखी दोन भाऊबंद.

"मंग झालं ना?" तिने विचारलं. "पकडला तं."

"नाही झालं, काकू. जो इतके दिवस आत होता त्यानं आणखी कुठं काय पेरून ठेवलं, ते मला दिसत नाही. सापडलं तेवढं काढून 'स्वच्छ' म्हणता येत नाही. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. तोच एक भरवशाचा इलाज आहे."

पुढच्या खोलीतून भाऊंचा आवाज आला. "अन् जुने पत्रकं?"

हाच खरा अडसर होता. कागद, फोटो मी बाजूला काढले होते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासून. फक्त कागद आणि फोटो, एकही चालणारा प्रोग्रॅम नाही, आणि ते रेकॉर्डिंगही नाही. पण पत्रकं त्या जुन्या फाँटमध्ये होती. चोरीची प्रणाली गेली की ती उघडल्यावर नुसती अक्षरांची भेळ दिसणार. भाऊंनी लिहिलेली, हाताने वाटलेली, ज्यांच्यापायी ते तुरुंगात जाऊन आले होते ती पत्रकं. त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, बदलता येतो, पण एकेक करून, चुका सुधारत. त्याला महिने जाणार होते.

"बसीन मी," मी ओरडून सांगितलं. "एकेक बदलीन. पण क्रॅक परत येणार नाही."

भाऊ सतरंजीवरून उठल्याचा आवाज तेवढा आला.

मी तिला तिची फाइल दाखवली. स्वतःचं नाव तिने ओठ हलवत वाचलं. मी फाइल काढली, तिने विचारलं कचऱ्याच्या डब्यात तर नाही गेली, मी स्क्रीनवरचा डबाही उघडून दाखवला. मग एका ओळखीच्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर विंडोजच्या अधिकृत ठिकाणावरून बनवून आणलेला पेनड्राइव्ह लावला आणि अख्खी डिस्क पुसली. खरं सांगायचं तर त्यात बघण्यासारखं काही नसतं. एक पट्टी हळूहळू पुढे सरकते. पण काकू स्टुलावरून हलली नाही. पदर डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत त्या पट्टीकडे बघत राहिली, जिनिंगमध्ये मशीनवर नजर ठेवतात तशी.

विंडोज नवं चढलं. सगळे अपडेट घेतले. अँटीव्हायरस चालू, आणि तो बंद करायला सांगणारा कुणीही आला तरी चालूच राहणार. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड दोघांकडे. रोजच्या कामाला साधं खातं, ज्यातून कुणालाही काही बसवता येणार नाही. मराठी टायपिंगला विंडोजमध्येच असलेला मराठी कीबोर्ड, फुकट आणि कायदेशीर. कंपन्यांना पैसे न देण्याचं तत्त्वही शाबूत. छापखानेवाल्या दादांना मी कळवलं होतं की आता पीडीएफ येईल, फाँटची काळजी करू नका. ते म्हणाले, "मलाबी करून देजो थे, ताई."

मग मी तिला सांगितलं, "झालं, काकू. तुमचं बोलणं इथे आता नाही. सुनावणी आम्ही दुसऱ्या पुराव्यांवर घेऊ."

ती उठली नाही. "दुसरा पुरावा हाय तुमच्यापाशी?"

"नाही."

"मंग कायची सुनावणी?" ती स्टुलावरच वळून बसली. "पुन्हा सांगतो मी. पण नाव नाई सांगत. गाव नाई सांगत. जे पाह्यलं थेच सांगतो."

"नकोच नाव. आणि हे या कॉम्प्युटरमध्ये ठेवणारही नाही. वेगळ्या पेनड्राइव्हवर, पासवर्डनं बंद, नेटचा संबंध नाही. फाइलला नुसता आकडा."

मी रेकॉर्डर काढला. तिने त्याच्यावर हात ठेवला.

"अन् थे?" तिने बोट दाखवलं. मागच्या खोलीच्या उंबऱ्यातून पुढचं दार दिसत होतं, नेहमीसारखं उघडं, आणि त्याच्या बाजूला भाऊ उभे होते. "तुह्या कॉम्प्युटरले आता शंभर कुलपं. अन् थो पेनड्राइव्ह ठेवशीन कुठी? याच खोलीत ना? मंग? आधी त्याले कुलूप लाव. मंग बोलतो."

मी भाऊंकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. त्या दारावर भाऊंनी किती भाषणं केली होती, ते त्यांना आणि मला चांगलंच माहीत होतं. मी मनात वाद मांडायला सुरुवात केली होती. मुद्दे तयार होते.

त्यांची गरज पडली नाही. भाऊंनी चप्पल पायात घातली. "रविवारी कोणतं दुकान उघडं राह्यते?" असं जणू त्या दारालाच विचारून ते गल्लीत उतरले.

ती आणि मी चहा पीत बसलो. तिने जिनिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. तुरीला यंदा शेंगा कमी लागल्या, पॅसेंजरात बसायला जागा नव्हती, एवढंच बोलली. भाऊ परतले तेव्हा हातात पितळी कुलूप होतं, भलं दांडगं, दुकानाच्या शटरला शोभेल असं. त्यांनी ते आतून कडीला अडकवलं. दार लावल्यावर ती खोली इतकी लहान आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

तिने उठून कुलूप दोनदा ओढून पाहिलं. कुलपासोबत दोन किल्ल्या होत्या. एक तिने भाऊंच्या हातून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"हे माह्यापाशी राहीन," ती म्हणाली. "माह्य बोलणं अथी हाय तवरोक."

"राहू द्या," भाऊ म्हणाले.

ती परत येऊन स्टुलावर बसली. पदर सावरला. "हं. कर चालू."